तार बरोबर होती, जिभाऊ

जिभाऊ, तुझं तेरावं काल पार पडलं. वरण-बट्टी झकास झाली होती, घोटलेली वांगीही. माझ्या घशाखाली मात्र दोनच बट्ट्या उतरल्या. पंगतीतल्या लोकांनी एकमेकांना खुणावलं, बघा, धाकट्याला अन्न गोड लागत नाही. खरं सांगायचं तर मला तुझा राग आला होता, आणि रागात मला भूक लागत नाही. दुःखात लागते. दहाव्याला मी पोटभर जेवलो होतो.

सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. मेलेल्याबद्दल बोलतातच. तू किती दिलदार, तू किती धीराचा, तुझ्या हाताला बैल कसे वळायचे. तिथवर मी मान डोलवली. मग कोणीतरी म्हणालं, "जिभाऊ जल्मात खोटं बोलला नाही," आणि माझ्या हातातली बट्टी वरणात पडली. धोतरावर डाग पडला तो अजून तसाच आहे. बायको म्हणते, वरणाचा डाग आहे, जाईल. मी म्हटलं, हा जिभाऊचा आहे, जायचा नाही.

नऊ वर्षं मी तुझ्यावर एका खोट्यासाठी रागावलो होतो. परवा गोठ्यात कळलं की खोटं माझ्या समजुतीपेक्षा बरंच मोठं होतं. आता नव्याने रागवायला हवं, आणि तो राग ऐकून घ्यायला तू नाहीस. म्हणून हा कागद. आपल्या घरात वाचता येणारे आपण दोघेच, त्यातला एक गेला. तेव्हा मी मनातलं सगळं लिहू शकतो.

सुरुवात फटफटीपासून करतो, कारण सगळ्या भानगडीचं मूळ ती. सारंगखेड्याच्या जत्रेत तू चांदणी घोडी विकायला गेलास आणि परत आलास तो लोखंडावर बसून. कुणा साहेबाची जुनी विलायती गाडी, तिचा आवाज गाव येण्याआधी अर्धा कोस पुढे येत होता. भाभी उंबऱ्यात उभी राहून विचारत होती, "घोडी कोठे शे?" आणि तू गाडीच्या टाकीवर थाप मारून म्हणालास, "हाईच. हिले चारा लागत नही." महिनाभरात कळलं, तिला नंदुरबारहून डब्यातून पेट्रोल लागतं, आणि चांदणी निदान चढावर खाली उतरून ढकलायला सांगत नव्हती. हे मी तेव्हा बोललो. तेव्हापासून त्या गाडीवर मागे बसायचं तर मला आधी तुझी दोन वाक्यं ऐकून घ्यावी लागत.

पोळ्याला चांदणी बैलांच्या रांगेत शेवटी उभी राहायची, तुला आठवत असेल. त्या वर्षी तिच्या जागी तू फटफटी उभी केलीस. गाव हसलं, तू हसला नाहीस. बैलांच्या शिंगांना लावायचा तांबडा तेलरंग तू फटफटीला फासलास. एक हात देऊन थांबला असतास तर पुढचं काही घडलं नसतं, पण तू चार हात दिलेस. चाकांच्या काड्या रंगवल्यास, दिव्याची कडा रंगवलीस, हँडल तर असं रंगवलंस की बोटाने खरवडलं तर रंगच लागावा, खाली लोखंड आहे की लाकूड हे कळू नये. आणि वच्छीने, आपल्या बहिणीने, दरवर्षीसारखे बेगडाचे राघू कापले. तो चकचकीत पातळ पत्रा कातरीत धरून ती एका दमात चोच, मान, शेपूट कापायची, खाली रेघसुद्धा काढायची नाही. बैलांच्या शिंगांवर राघू, फटफटीच्या दिव्यावर राघू. तू स्वतः बेगड लावायचास तो नुसत्या पट्ट्या, पोत्याला ठिगळ लावल्यासारख्या. राघू फक्त वच्छीचे. सगळ्या पंचक्रोशीत तसे कोणी कापत नव्हतं.

नंतर गाडीचा रबरी भोंगा फाटला. तुझ्या त्या भोंग्याला बदकाला खोकला झाल्यासारखा आवाज होता, तो फाटल्यावर खोकलाही राहिला नाही, नुसता उसासा. तू सुरतेहून विजेचा हॉर्न मागवलास. पुठ्ठ्याच्या खोक्यातून काळी चकचकीत वाटी निघाली, तिला दोन तारा, आणि वेगळं एक बटण. खोका माझ्यापुढे ठेवून म्हणालास, "बापू, तू तारना खोलीना बाजूले बसस. तुले येवाले पायजे."

यात माझीही चूक होती, ती कबूल करतो. मी स्टेशनावर मालाचा कारकून. तारेची खोली माझ्या शेजारी होती एवढाच माझा विजेशी संबंध. भिंतीपलीकडून दिवसभर कट्-कट् ऐकू यायचं, आणि मी गावात त्याबद्दल अशा थाटात बोलायचो की लोकांना वाटे निम्म्या तारा मीच पाठवतो. मिरचीच्या पोत्यांत बसून शिंकणारा माणूस मी, पण त्या दिवशी "नाही येत" हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. वच्छी बघत होती, भाभी बघत होती. मी बाह्या सरसावल्या.

हॉर्न बसवला, बटण हँडलवर कड्याने आवळलं, तारा जोडल्या. हॉर्नपासून बटणापर्यंतची तार आखूड पडली म्हणून बटणाजवळ तुकडा जोडला, जोडावर मेणात बुडवलेली चिंधी गुंडाळली. तू बटण दाबलंस. काही नाही. पुन्हा दाबलंस. कोंबडी फिरून गेली, एवढंच.

"काय रे कारकूनसाहेब, मुका हॉर्न बसाडा का?"

तीन दिवस मी त्या गाडीभोवती उकिडवा बसलो, जिभाऊ. लोक येऊन बघून जात. तू ओट्यावर बसून प्रत्येकाला सांगत होतास, "डाक्टर तपासी ऱ्हायना." आणि मी खरंच तपासत होतो, हे तुला मान्य करायला हवं. आधी बॅटरी बघितली. तार तिच्या टोकाला घासली, ठिणगी उडाली, म्हणजे तिच्यात जीव होता. मग हॉर्न काढून थेट बॅटरीला लावला. तो असा ओरडला की गाय दावं ओढून उभी राहिली आणि तुझ्या मिशीत चहा गेला. म्हणजे हॉर्नही धडधाकट. उरल्या तारा आणि बटण. दिव्यातला बल्ब काढला, त्याला दोन तारा गुंडाळल्या आणि एकेका जागी टेकवत गेलो. हॉर्नपर्यंत वीज येत होती, बल्ब पेटे. बटणाच्या तारेपर्यंतही येत होती. पण बल्बचं दुसरं टोक हँडलला लावलं की मिट्ट काळोख.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाटाचं पाणी शेतात सोडतात, तसं विजेचं नाही, विजेला फिरून विहिरीत यावं लागतं. हॉर्नमधून बटणात, बटणातून हँडलच्या लोखंडात, लोखंडातून परत बॅटरीत. आणि हँडलवर तुझ्या पोळ्याचे चार हात होते. बटणाचं कडं लोखंडावर बसलंच नव्हतं, रंगावर बसलं होतं. मी चाकू काढला.

तू ओट्यावरून उडी मारलीस. "रंगले हात लावशी ते बोटं तोडसू!"

"जिभाऊ, रंगमाईन वीज जात नही."

"मंग दुसऱ्या वाटे धाड तिले!"

"दुसरी वाट नही."

"पोयाना रंग शे तो. बैलना शिंगवरला रंग कोन्ही खरवडस का?"

अर्धा दिवस भांडलो आपण, बोट बोट रंगासाठी. भाभीने दोनदा जेवायला बोलावलं. शेवटी तू हातपाय-तोंड धुवायला गेलास तेवढ्यात मी लिंबाच्या फोडीएवढी जागा खरवडली, खालचं पांढरं लोखंड दिसू लागलं, कडं आवळलं आणि बटण दाबलं. हॉर्न वाजला! तू तोंडावरचं पाणी न पुसता धावत आलास. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडेल. तू त्या खरवडलेल्या जागेकडे बघत राहिलास आणि म्हणालास, "वाजना ते वाजना. पन गाडीले खरूज व्हयनी."

एवढंच. जन्मात एकदा माझ्या हातून विजेचं काम झालं, त्याचं तुझ्याकडून मिळालेलं बक्षीस खरूज.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू वाहिलं. खरवडलेल्या जागेवर कोणीतरी बेगड चिकटवून ती झाकली होती. मी माळेआडून अर्धवट पाहिलं आणि मनात म्हटलं, जिभाऊने खरूज झाकली. पुढे विचार केला नाही. तो करायला हवा होता. बेगड म्हणजे कागद नव्हे, पत्रा. आणि त्याची कड माझ्या त्या मेणाच्या चिंधीवर चढली होती. मी विजेचा जाणकार, तीन दिवस जमिनीवर बसून रंगाची भानगड शोधणारा, बेगडाकडे पाहून शोभा छान दिसते म्हणालो.

दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी आपण खांडबाऱ्याला गेलो, वच्छीची सुपारी फोडायला.

ते स्थळ तू ठरवलं होतंस, मला न विचारता. मी घरात कुरकुर केली होती. मुलगा वाईट नव्हता, घर वाईट नव्हतं. मला विचारलं नाही, हेच माझं दुखणं. वच्छीला मात्र ते घर मनापासून पसंत होतं. घराच्या मागेच स्टेशन. तिने भाभीला सांगितलं होतं, गाडीत बसलं की तासाभरात माहेर. मला आठवतं, त्या सकाळी ती तुझी फटफटी फडक्याने पुसत होती, पुसत होती आणि गुणगुणत होती. आपण निघालो तेव्हा ती दारातून म्हणाली, "बापू, जिभाऊले सावकास चालवाले सांग." तिने माझ्याशी बोललेलं ते नऊ वर्षांतलं शेवटचं वाक्य.

त्या अंगणात काय झालं ते तुला सांगायला नको, पण मी सांगणार आहे, कारण तू दरवेळी ते वेगळं सांगायचास. फटफटी उन्हात उभी होती. आश्विनातलं ऊन, अंग भाजत होतं. आपण आत बसलो होतो. मंडळी जमली, पाटावर सुपारी ठेवली, मुलाच्या काकांनी बत्ता हातात घेतला. आणि बाहेर हॉर्न वाजू लागला. थांबेचना. अंगणात चिटपाखरू नव्हतं. गाडी एकटी उभी, झेंडूची वाळकी माळ गळ्यात, आणि आपल्या आपण किंचाळत होती. गोठ्यातले बैल खुंटी उपटून पळाले. म्हाताऱ्या आज्यांपैकी एकीने पदर डोळ्याला लावला.

तू धावत गेलास, हँडलखालची तार मुठीत धरून ओढलीस आणि तोडलीस. हॉर्न बंद पडला तशी मुलाची आजी दाराच्या चौकटीला धरून म्हणाली, "गाडीजवय कोन्ही नही, आनि गाडी रडी ऱ्हायनी. सुपारी राहू द्या."

कोणी तिची समजूत घालू लागलं, हे यंत्र आहे, बिघडलं असेल. काकांनी तुला विचारलं, "कोन्ही जोडी हाई तार?"

तू माझ्याकडे बघितलंस. मुठीत तुटकी तार होती. श्वास घेतलास आणि म्हणालास, "मन्हा भाऊनं काम शे. तार उलटी जोडी त्यानी. त्याले हाई सोयरीक पसंत नव्हती."

सुपारी फुटली नाही. परतीच्या वाटेवर मी तुझ्या मागे बसलो होतो, दोन्ही हातांनी गाडीला धरून, तुला न धरता. घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. मी सांगितलं, हॉर्नला उलटं-सुलटं नसतं, कुठलीही तार कुठेही लावा, तो तसाच वाजतो. कोण ऐकणार? तुझं वाक्य सोपं होतं. बापूला सोयरीक नको होती, बापूने तार उलटी जोडली. वच्छी आत गेली ती माझ्यापुढे बाहेर आली नाही.

पुढच्या वर्षी तिला तापीपलीकडे दिली. माणसं चांगली आहेत. पण पावसाळ्यात नदी भरली की तिला चार महिने माहेर नाही, आणि दिवाळीला ती येते ती तुझ्या घरी. भाऊबीजेला तुला ओवाळायची, मला नाही. नऊ भाऊबीजा झाल्या. समोर आलो तर माझ्याशी न बोलता गाईशी बोलायची. "कपिले, त्यासले सांग, च्या थंडा व्हई ऱ्हायना." मी गाईकडे पाहून हो म्हणायचो. चांगल्या घरातला, सरकारी छापाच्या पावत्या फाडणारा माणूस मी, गाईमार्फत चहा पिऊ लागलो. आणि तू खाटेवर बसून हे सगळं बघत होतास. एकदाही म्हणाला नाहीस, वच्छी, जाऊ दे.

तुझ्याशी मी बोलत राहिलो, पण भांडणापुरताच. दर सणाला मी म्हणायचो, "तार बरोबर होती." दर सणाला तू म्हणायचास, "जेव आते." एकदाच तू हे मोडलंस. मला विषमज्वर झाला होता, तू मला फटफटीवर पाठीशी बांधून नंदुरबारच्या दवाखान्यात नेलंस. सगळा रस्ता अक्षर बोलला नाहीस, नुसता तो जुना भोंगा दाबत होतास. नवा रबर लावला होतास, पण खोकला तोच होता. विजेचा हॉर्न तसाच गाडीवर होता, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, तार तुटलेली. दवाखान्याच्या दारात मला खाली उतरवलंस आणि कानाशी येऊन म्हणालास, "मरू नको. भांडन बाकी शे."

मी मेलो नाही, बघ. तुझी ही एक गोष्ट मी ऐकली. मग तू तरी माझी एक ऐकायची. भांडण बाकी ठेवून जायला तुला कोणी सांगितलं होतं?

लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं आणि फटफटी गोठ्यात गेली. तिच्यावर कडबा पडला. परवा, बाराव्याच्या दिवशी, भाभी म्हणाली, गोठ्यात पाहुण्यांची जनावरं बांधायची आहेत, गाडी बाहेर काढा. मी ती कडब्याखालून ओढली, पण गोठ्याबाहेर काही नेली नाही. दुपार होती, घरात सगळे पेंगत होते. मला वाटलं, आता तिला हात लावला म्हणून बोटं तोडणारा कोणी नाही. प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हराकडून मी एक बॅटरी मागून आणली होती. होय, बाराव्याच्या दिवशी. लाज वाटते, पण मला तो हॉर्न वाजवून बघायचा होता. नऊ वर्षं बघायचा होता. मी तारेवर बोट ठेवत ठेवत गेलो, बॅटरीपासून हॉर्नपर्यंत, हॉर्नपासून हँडलपर्यंत, आणि बटणाजवळ, जिथे माझी मेणाची चिंधी असायला हवी होती, तिथे तांबडं कापड होतं.

तुझ्या फेट्याचं कापड, जिभाऊ. आणि वर तुझी गाठ, बैलाच्या कासऱ्याला मारायचास ती. दुसऱ्या कोणाला ती मारता येत नाही आणि सोडवता तर अजिबात येत नाही. मी दातांनी सोडवली.

आत तुटलेली तार पुन्हा जोडलेली होती. तू जोडलेली, आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा चांगली. त्या कापडाच्या घडीत एक बेगडाचा तुकडा ठेवलेला होता, नीट चपटा केलेला. त्याला चोच होती. मान होती. शेपटीच्या जागी विजेने जळलेलं मोहरीएवढं भोक होतं.

वच्छीचा राघू.

मी खाली बसलो. खरूज तू झाकली नव्हतीस. वच्छीने झाकली होती. स्वतःच्या सुपारीला निघालेली गाडी कुरूप दिसू नये म्हणून तिने तिथे आपल्या हाताने राघू चिकटवला. उन्हाने मेण वितळलं, तारेचं टोक चिंधीतून वर आलं, राघूला लागलं, राघू खरवडलेल्या लोखंडाला लागलेलाच होता. बटण न दाबता बटण दाबलं गेलं. आणि तू खांडबाऱ्याच्या अंगणात तार ओढलीस तेव्हा तो तुझ्या मुठीत आला असणार. तुला तिथेच, त्याच क्षणी कळलं होतं. काका विचारत होते तेव्हा राघू तुझ्या मुठीत होता.

खरं सांगितलं असतंस, बेगड लागला, तर पुढचा प्रश्न आला असता, बेगड कोणी लावला? अख्ख्या पंचक्रोशीत तसे राघू एकच मुलगी कापते. "पोरीने आपल्या हाताने आपली सुपारी मोडली." मग तापीपलीकडे काय, सातपुड्यापलीकडेही तिला कोणी मागणी घातली नसती. आणि तिला स्वतःला ते कळलं असतं तर तिने कातरी पुन्हा हातात धरली नसती.

म्हणून तू माझ्याकडे बघितलंस. एका श्वासात ठरवलंस. बापू आहेच, बापूवर टाकू. त्याची पाठ रुंद आहे, त्याच्यावर कोणाचा विश्वास तसाही नाही.

मला इतका राग आला, जिभाऊ, की मी तुझ्या त्या रंगवलेल्या चाकाला लाथ मारली. अंगठा अजून सुजलेला आहे. राघू घेऊन आत जावं, सगळ्यांना उठवावं, ओरडावं, बघा, तार बरोबर होती! नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या हातात होतं. उठलोही. वळलो, तर दारात वच्छी उभी होती.

डोळे रडून सुजलेले, हातात पाण्याचा गडू. तिने इकडेतिकडे पाहिलं. गाय बाहेर नेऊन बांधलेली होती. बोलायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. तिने हॉर्नकडे बोट केलं.

"वाजस का तो?"

मी राघू मुठीत घेतला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. वाजला. अगदी तसाच. बाहेर जनावरं दचकली, घरातून भाभी ओरडली. वच्छीचा चेहरा पांढरा पडला.

"मंग त्या दिनले काय व्हयनं व्हतं?"

मुठीत राघूची चोच रुतत होती. मला वाटतं तुलाही तशीच रुतली असेल.

"मन्हीच तार उलटी लागनी व्हती, वच्छी," मी म्हटलं. "चूक मन्ही."

"मुद्दाम करं व्हतं का?"

"नही वं. येत नव्हतं माले. उगाच शहाना बननू."

तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "इतलं सांगाले नऊ वरीस लागनात?"

"कारकून शे मी. कागद पुढे सरकाले टाइम लागस."

ती हसली नाही. पण गडू पुढे केला, माझ्या हातात, मध्ये गाय न घेता. मी पाणी प्यालो. जाताना उंबऱ्यात थांबून, पाठमोरीच, म्हणाली, "यंदा भाऊबीजले ये. नाव नही भेटनी ते पोहत ये."

तर असं झालं. नऊ वर्षं मी खरं सांगत होतो आणि माझी बहीण गेली होती. परवा एक खोटं बोललो आणि ती परत आली. तुझंच खोटं, तुझ्याच शब्दांत, जरा पुसून वापरलं. उलटी तार! हॉर्नला उलटं-सुलटं नसतं हे तुलाही माहीत होतं, आणि मला माहीत आहे, हेही तुला माहीत होतं.

वच्छीला वाचता येत नाही. तिला शाळेत घालायचं मी म्हणत होतो, तू नको म्हणालास, ते आपलं सगळ्यात जुनं भांडण आणि त्यात तू सपशेल चूक होतास. आज त्या चुकीमुळेच मी हा कागद निर्धास्त लिहितो आहे, याचाही मला राग येतो. ज्याच्या हाती हा पडेल त्याने तिला वाचून दाखवू नये. राघू माझ्या लिहायच्या टाकाच्या डबीत आहे, मी गेल्यावर माझ्याबरोबर जाईल.

तुला माफ केलेलं नाही. लोक म्हणतात मेलेल्याला माफ करावं, पण ते लोक नऊ वर्षं गाईमार्फत चहा प्यालेले नाहीत. तू तिला वाचवलंस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते तू नसतं केलंस तर मी तुझ्याशी खरंच बोलणं सोडलं असतं. पण दवाखान्यात नेताना सगळा रस्ता तू गप्प होतास, मी तुझ्या पाठीला बांधलेला होतो, माझा कान तुझ्या मानेशी होता. तेव्हा सांगता आलं असतं. सणाला, गोठ्यात, शेवटच्या तापात मी उशाशी बसलो होतो तेव्हाही. एकदा विचारायचं होतंस, "कारकूनसाहेब, हे तुझ्या डोक्यावर ठेवू का?"

मी "नाही" म्हटलं असतं. अर्धा दिवस भांडलो असतो, भाभीने दोनदा जेवायला बोलावलं असतं. आणि मग ठेवून घेतलं असतं.